एकतीस नंबरचा जांभूळ

झाड बारीक होत नाही. उन्हाळ्यात पानं गाळेल, वादळात फांदी मोडेल, वाळवी लागली तर आतून पोकळ होईल. पण त्याच्या बुंध्याचा घेर वर्षभरात निम्मा झाला, असं घडत नाही. वनस्पतीशास्त्राचा मास्तर म्हणून मी पोरांना हे वर्षानुवर्षं सांगत आलो आणि पोरांनी ते परीक्षेपुरतं खरं मानलं. तरीही एका उन्हाळ्यात आमच्या नोंदींमधला एकतीस नंबरचा जांभूळ निम्मा झाला. त्याच्या शेजारचा एक हिरडा मात्र त्याच वर्षात पैलवानासारखा सुटला.

संपादकांनी मला ‘वनसंवर्धनातील योगदान’ यावर लिहायला सांगितलं आहे. योगदान हा शब्द कानावर पडला की, मिळालेल्या शाली घरात कुठे ठेवल्यात ते मी आठवू लागतो. त्यापेक्षा हा जांभूळ बरा. वाडीचं नाव मात्र सांगणार नाही. घोडेगाव मागे टाकून धरणाच्या कडेनं वर जात राहिलं, की डांबर संपतं. तिथून पुढे कुठेतरी, एवढं पुरे. लाकडाचे ठेकेदार दिवाळी अंक वाचत असतील असं वाटत नाही, पण खात्री कुणी द्यावी?

नव्वदचं दशक सरत आलं होतं. पुण्याच्या एका संस्थेनं आमच्या डोंगरात अभ्यासवर्ग काढायचं ठरवलं. नाव होतं ‘उष्णकटिबंधीय वर्षावन : परिसंस्था व संवर्धन, प्रत्यक्ष क्षेत्रशिक्षण’. हे सगळं एका कापडी फलकावर बसवायला रंगाऱ्याला अक्षरं इतकी लहान करावी लागली, की वाचायला दुर्बीण लागायची. सुदैवानं ती विद्यार्थ्यांच्या गळ्यात असे. मी तेव्हा आमच्या भागातल्या कॉलेजात शिकवत होतो, राहायला वारूळवाडीत. मला ‘स्थानिक समन्वयक’ नेमलं. का नेमलं, याचा मी बराच विचार केला. माझ्या अभ्यासामुळे, असं संचालक उद्‌घाटनात म्हणाले. माझ्या ओळखीचा जीपवाला उधारीवर गाडी पाठवतो म्हणून, असं माझं मत आहे. समन्वयक म्हणजे जीप ठरवणारा, जुन्नरच्या बाजारातून तांदूळ-डाळ आणणारा आणि कुणाच्या पायात काटा मोडला तर काढणारा.

“सर, शास्त्रानं बघितलं तर हे वर्षावन नाही, निमसदाहरित आहे,” मी पहिल्याच दिवशी संचालकांना म्हणालो.

“मलाही माहीत आहे,” ते म्हणाले. “पण निमसदाहरित म्हटलं तर अर्ज कोण करेल?”

या प्रामाणिकपणानंतर मला त्या माणसाबद्दल आदर वाटायला हवा होता. वाटला संशय. जो नावातच एवढी सूट घेतो, तो पुढे आकड्यांत किती घेईल?

वाचकांना काम समजावं म्हणून थोडं सांगतो. जंगलाचा अभ्यास म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे बिबट्या येतो. विद्यार्थ्यांच्याही यायचा. प्रत्यक्षात त्यांच्या हातात मापाची फीत यायची. जंगलाचा एक चौकोन दोरीनं आखायचा, त्यातल्या प्रत्येक बऱ्या झाडाला नंबर द्यायचा आणि छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजायचा. ही छातीची उंची जगभर ठरलेली आहे. माझ्या ती गळ्याशी येते. नियम करणारे उंच होते एवढं त्यावरून कळतं. दुसऱ्या वर्षी यायचं आणि तेच झाड त्याच जागी पुन्हा मोजायचं. किती वाढलं, किती मेली, नवी किती आली. काम अतिशय कंटाळवाणं आहे, आणि खरं शास्त्र ते तेवढंच. बाकीचं सगळं फलकावर असतं.

आमचा चौकोन कळमजाईच्या राईत होता. देवीच्या नावानं राखलेलं रान म्हणजे राई. बाहेर डोंगर उघडे पडले, तरी आत भर दुपारी सावलीला हात लागावा इतकी झाडी. मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली, अंजन, हिरडे, आंबे आणि ते जांभूळ. वर शेकरू एका फांदीवरून दुसरीवर गेलं की खाली फक्त सालपटं पडायची. मध्यभागी देवी: मूर्ती नाही, शेंदराची पुटं चढलेला तांदळा, म्हणजे बिनघडणीचा दगड. डोक्यावर छप्पर नाही, कारण आईला आभाळ लागतं. राईत कोयता न्यायचा नाही, कुऱ्हाड न्यायची नाही. लोखंडच न्यायचं नाही.

हे नियम सांगणारा माणूस कोंडाजी. देवीचा पुजारी. उंच, हाडकुळा, बोलण्यात संचालकांनाही मागे टाकेल असा रुबाब. “आईला इचारल्याबिगर राईत पाय नाय ठेवायचा,” तो म्हणाला. मग आमच्यासाठी कौल लावला. म्हणजे देवीच्या अंगावर चाफ्याच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. कुठलीच पडली नाही तर आई बोलत नाही, आणि आई बोलत नसेल तर पुढच्या वर्षाच्या जत्रेपर्यंत पुन्हा विचारायचं नाही.

“आई, ही पोरं झाडांस्नी दोरी बांधत्याली, माप घेत्याली. राजी असशील तर उजवी दे.”

डावी पडली.

संचालकांचा चेहरा पडला. कोंडाजीनं एकदा आमच्याकडे, एकदा आम्ही आणलेल्या नारळांकडे पाहिलं. “आईचं ध्यान न्हवतं. सायबांचा क्यामेरा लुकलुकला. आजून एक नारळ फोडा.” नारळ फुटला. या वेळी उजवी पाकळी लावताना त्यानं बोट जरा कमी ओलं केलं, ते मी पाहिलं. उजवी पडली. संचालकांनी हात जोडले, विद्यार्थ्यांनी वह्यांत ‘लोकसहभाग’ असं लिहिलं आणि माझं कोंडाजीबद्दलचं मत तिथेच पक्कं झालं: हा माणूस आईकडून पाहिजे ते वदवून घेतो.

लोखंड चालत नाही म्हणून झाडांना खिळे मारता आले नाहीत. आम्ही अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या पाट्यांवर नंबर ठोकून आणले आणि नायलॉनच्या दोरीनं बुंध्यांना बांधले. ही गोष्ट लक्षात ठेवावी. खिळा काढायला कष्ट पडतात. गाठ कुणालाही सुटते.

पहिली दोन वर्षं सुरळीत गेली. तिसऱ्या वर्षी, कॉलेजच्या परीक्षा आटोपून आम्ही वर गेलो आणि जांभूळ निम्मा झाला.

वर्गात दरवर्षी नवे विद्यार्थी. त्यांना झाडांची नावं येत नव्हती, पण नंबर वाचता येत होते. त्यांनी एकतीस नंबर शोधला, फीत गुंडाळली, आकडा लिहिला. संध्याकाळी संचालकांनी जुने आकडे शेजारी मांडले आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो प्रकाश दिसू लागला, जो मी फक्त पेपर छापून येणार असलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

“हा ताण आहे,” ते म्हणाले. “गेला पाऊस कमी झाला. खोडातलं पाणी कमी झालं की खोड आकसतं. जगात याची नोंद आहे.”

“केसाएवढं आकसतं, सर. निम्मं नाही.”

“इथलं प्रमाण वेगळं असू शकतं. आपण मन मोकळं ठेवायला हवं.”

“आणि तो हिरडा फुगला, तो कसा?”

“स्पर्धा. शेजाऱ्याचं पाणी त्यानं ओढलं.”

मी मन मोकळं न ठेवता सकाळी राईत गेलो. एकतीस नंबरची पाटी एका पोरसवदा अंजनाच्या गळ्यात होती. खरा जांभूळ पाच-सहा झाडं पलीकडे आपल्या जागी, कवेत न मावेल असा उभा. त्याच्या अंगावर त्या फुगलेल्या हिरड्याचा नंबर. चौकोनातल्या बऱ्याच पाट्या अशाच फिरल्या होत्या. गाठी नीट मारलेल्या. वानरांचं काम नव्हतं.

माझ्या संशयाच्या यादीत पहिलं नाव कोंडाजीचं होतं. त्या वर्षी त्याच्या अंगावर कोरं धोतर होतं. मंचरकडच्या एका लाकडाच्या ठेकेदाराच्या जीपमधून तो घोडेगावच्या बाजाराला जातो, असं आमचा जीपवाला सांगत होता. त्या ठेकेदाराला सगळे नुसतं शेठ म्हणत. शिवाय जो भेटेल त्याला कोंडाजी ऐकवत होता, “आईला बी पक्कं घर पायजे आता. पावसात भिजती बिचारी.” ज्या आईला आभाळ लागत होतं तिला एकाएकी स्लॅब कशी काय लागू लागली?

आमचा स्वयंपाक सरूबाई करायची. कोंडाजीच्या थोरल्या भावाची बायको. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. फळांसाठी हिरड्याची झाडं कुणी झोडायची यावरून दीर-भावजयीत वाद झाला होता आणि तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता. त्या दिवशी ती कच्चा फणस चिरायच्या तयारीत होती. माझ्या परसातला, मीच आणलेला. डोंगरात भाजी मिळत नाही, म्हणून मी खालून येताना दोन-तीन कोवळे फणस जीपमध्ये टाकत असे. दिराविरुद्ध काही ती सांगेल म्हणून मी विचारलं, “सरूबाई, राईतल्या पाट्या कुणी हलवल्या?”

“कोन हलवनार? मीच.”

तिनं हातांना तेल चोळलं आणि फणसावर पहिला घाव घातला. पांढरा चीक भळभळला.

“तुम्ही? कशाला?”

“मास्तर, आमी तुमाला येडी दिसतो व्हय? नंबर काय शोभेला टाकत्यात? खालच्या वाडीत आमच्या बहिनीच्या मालकीच्या रानात असंच झालं. पैल्यांदा एक गोड बोलनारा आला, त्यानं नंबर टाकलं. मंग कागूद झाला. मंग करवतवाला आला आन नंबर बघून बघून झाड पाडलं. नंबर जुळला नाय तं त्याला झाड पाडता येत नाय. म्हनून म्या अदलाबदल केली. घ्या आता, जुळवा.”

“आम्ही झाडं तोडायला आलो नाही. मोजायला आलोय.”

“धरनाच्या टायमाला बी मोजायलाच आलं व्हतं. आभयारन्याच्या टायमाला बी. पैल्याच दिशी कोन करवत घिऊन येतं, सांगा की.”

तीन वर्षं हातचं जेवण घालणाऱ्या बाईनं आम्हाला तीन वर्षं चोराचे पुढचे हस्तक मानलं होतं. भाकरी मात्र कधी कमी पडू दिली नाही.

“मग बोलला का नाहीत?”

“बोलून नंबर निगालं असतं व्हय?”

मला राग आला. आमची मेहनत तिनं दोरीच्या गाठीसारखी सोडून टाकली होती. तिचा संशय किती खुळा आहे हे तिला समजावून सांगायचं असं ठरवून मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात बाहेर जीप थांबली. शेठ उतरला. बरोबर वाडीचा सरपंच. शेठनं माझा हात दोन्ही हातांत घेतला.

“सर, तुमचं लई उपकार. आमचं काम तुमीच करून ठिवलं राव. नंबर टाकल्यालंच हायेत.”

सरूबाई आतून ऐकत होती. ती बाहेर आली नाही. पण विळीचा आवाज थांबला.

सगळं पुढच्या काही मिनिटांत उलगडलं. कळमजाईला देऊळ बांधायचं होतं: स्लॅब, फरशी, घंटा, वर कळस. शेठ ते स्वखर्चानं बांधून देणार होता आणि बदल्यात राईतली जाड झाडं नेणार होता. परवानगीचं मी बघतो, असं तो म्हणे. कोणाची परवानगी, हे म्हणत नसे. आदल्या वर्षी सरपंचानं त्याला राई फिरवून दाखवली होती आणि आमच्या पाट्या पाहून त्यानं झाडं नंबरानं ठरवली होती. सरूबाईचा आमच्याबद्दलचा संशय साफ चुकीचा होता. पण करवत आमच्या मागूनच येत होती. खुळा कोण, ते मला नव्यानं ठरवावं लागलं.

आम्ही सगळे राईत गेलो. संचालकही आले, त्यांना वाटलं, शेठ देणगीदार आहे. शेठ एकतीस नंबरसमोर उभा राहिला आणि त्यानं त्या कोवळ्या अंजनाला कव घातली. हाताला हात सहज लागला.

“सरपंच, ही काय मस्करी हाय? मागल्या साली दावला त्यो कवेत मावत न्हवता. ह्यो एकतीसच ना?”

“नंबर सरांचं हायेत,” सरपंच म्हणाला. सगळे माझ्याकडे पाहू लागले. कोंडाजीही.

खरं सांगावं तर सरूबाई अडचणीत, न सांगावं तर मी. मग मला आमच्या संस्थेचं संशोधन आठवलं.

“आमच्या संचालकांच्या मते,” मी म्हणालो, “पाऊस कमी झाला की झाडं आकसतात.”

संचालक पुढे झाले. त्यांना श्रोते हवेच होते. त्यांनी खोडातलं पाणी, ताण, स्पर्धा सगळं सांगितलं, शेठच्या खांद्यावर हात ठेवून. मी आयुष्यात त्यांचं इतकं प्रभावी व्याख्यान ऐकलं नाही.

“म्हंजी झाडं बारीक व्हत्यात?” शेठनं विचारलं.

“आमचे आकडे तरी तसं दाखवतात.”

शेठनं संचालकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शेवटी सरपंचाकडे. “सरपंच, तुमी, मास्तर आन ह्ये सायेब, तिघं मिळून मला खुळ्यात काढताय. एक दावायचं, एक द्यायचं. भाव वाढवायचा आसंल तं सरळ बोला.”

“आवो शेठ, आईची आन...”

“नंबर राहू द्या. मी डोळ्यानं दावतो ती झाडं. ह्ये, ह्ये, आन त्यो जांभूळ.” त्यानं बरोबर खऱ्या जांभळाकडे बोट केलं. “उद्या मानसं आनतो. व्हय का न्हाई, आत्ताच सांगा.”

एक पाटी फिरवून जे काही वाचायचं होतं ते एवढंच वाचलं: एक रात्र. आता सरपंचानं होकार दिला की संपलं. मी काय करणार होतो? अर्ज करता आला असता. अर्ज खाली घोडेगावला पोचेपर्यंत जांभूळ आळेफाट्याच्या पुढे गेला असता.

बोलला कोंडाजी. “सरपंच, झाडं आईची हायेत. आईला इचारलं का कुनी? उद्या जत्रा हाय. कौल लावू. उजवी पडली की शेठ, तुमी करवत घाला. मी सोता पैला नारळ फोडीन.”

शेठ हसला. त्याला कोंडाजीची खात्री होती. कोरं धोतर त्यानंच दिलं होतं, हे मला त्याच्या हसण्यावरून कळलं. मलाही कोंडाजीची खात्री होती. आमच्या वेळी बोट कमी ओलं करणारा माणूस उद्या तेच करणार. फक्त आमच्या वेळी मी त्याचा फायदा घेतला होता, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वाडी राईत बसली. बायका तांदळ्यापासून जरा लांब, ओढ्याच्या कडेला. सरूबाई त्यांच्यात. खाली रस्त्याला शेठचा ट्रक येऊन उभा होता. त्यातली माणसं टायरला टेकून तंबाखू मळत होती. संचालकांनी कॅमेरा लावला. कोंडाजी आंघोळ करून, ओल्या अंगानं आला. त्यानं तांदळ्याला पाणी घातलं, शेंदूर लावला आणि हातातल्या द्रोणातून दोन पाकळ्या काढून देवीच्या अंगावर दाबल्या. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ दाबल्या, असं मला वाटलं. मग मोठ्यानं विचारलं:

“आई, तुला पक्कं घर बांधायचं हाय. राईतली झाडं देऊन बांधायचं हाय. राजी असशील तर उजवी दे. नसशील तर डावी दे.”

वर शेकरानं काहीतरी कुरतडून टाकलं, ते पानांवरून टपटपत खाली आलं. ऊन फांद्यांतून खाली उतरलं आणि बरोबर पाकळ्यांवर आलं. पाकळ्यांच्या कडा सुकून वळायला लागल्या. ओल्या पाकळ्या सुकल्या की पडतात. सगळा कौल त्यावरच चालतो. या पाकळ्या सुकत होत्या आणि पडत नव्हत्या.

“लई येळ झाला,” शेठ म्हणाला.

“आईला घाई नसती,” कोंडाजी म्हणाला.

“पुन्यांदा लावा.”

“तसं करता येत न्हाई, शेठ.”

सरपंचानं जागेवरच चुळबुळ केली. म्हातारी माणसं एकमेकांकडे पाहू लागली. एकजण पुटपुटला, “आई बोलंना.” मग दुसरा. मग ते सगळीकडून ऐकू येऊ लागलं. नकार आला असता तर सरपंचानं वाद घातला असता, नारळ आणखी फोडा म्हणाला असता. पण न बोलणाऱ्या आईशी कुणी कसा वाद घालणार? शेठ तडक उठला आणि ट्रककडे चालू लागला. जाताना कोंडाजीजवळ थांबून हळू म्हणाला, “तुला बघून घेतो.” कोंडाजीनं प्रसादाचं ताट त्याच्याहीपुढे धरलं.

मग माझ्यापुढे आला. मी हात पुढे केला. त्यानं खोबऱ्याचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवायला बोटं सोडली, पण तुकडा खाली पडेना. त्याच्या बोटांनाच चिकटून राहिला. त्यानं झटकला. पडला नाही. अंगठ्यानं ढकलला, तर अंगठ्याला चिकटला.

मी वनस्पतीशास्त्राचा माणूस. या चिकटपणाला जगात फार थोडे दावेदार आहेत. त्यातला एक मी स्वतः वारूळवाडीहून जीपमध्ये घालून आणला होता आणि त्याची सालं आदल्या दिवसापासून स्वयंपाकाच्या चुलीमागे पडली होती.

“हाताला काय झालं, कोंडाजी?” मी हळूच विचारलं.

“आईचा आशीर्वाद हाय, मास्तर,” तो तितक्याच हळू म्हणाला. “चिकाटच असतो.”

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून सरूबाई उठली. देवीच्या दिव्यासाठी आणलेली तेलाची वाटी तिच्या हातात होती. ती दिव्याकडे गेली नाही. सगळ्यांदेखत दिरासमोर येऊन तिनं वाटी पुढे धरली आणि त्याच्याकडे न पाहता म्हणाली, “घ्या भाऊजी.” कोंडाजीनं दोन बोटं तेलात बुडवली, एकमेकांवर चोळली, आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर पडला. एवढ्या वर्षांत दोघांचं पहिलं बोलणं ते.

संचालकांनी ते सगळं टिपलं. त्यांनी पुढे एका परिषदेत ते चित्रीकरण दाखवलं: पारंपरिक श्रद्धेतून होणारं संवर्धन. तेलाची वाटी ‘विधीचा शेवटचा भाग’ म्हणून दाखवली. टाळ्या झाल्या असं कळलं. आकसलेल्या जांभळाचं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी तीन वर्षांचे आकडे बाजूला ठेवले. त्याचं मात्र मला अजूनही वाईट वाटतं. कुठला आकडा कुठल्या झाडाचा ते जुळवता आलं असतं, तर ते आज कुणाच्या तरी उपयोगी पडले असते. आम्ही नव्यानं सुरुवात केली, आणि या वेळी पाट्या बांधायला सरूबाई आमच्याबरोबर आली. गाठी तिनंच मारल्या. काही वर्षांनी संस्थेला दुसरीकडे, अधिक हिरव्या ठिकाणी अनुदान मिळालं आणि फलक तिकडे गेला.

कोंडाजीवर मात्र माझा विश्वास लगेच बसला नाही. हे त्यानं राईसाठी केलं की भाव वाढवून घेण्यासाठी? धोतर घेतलं, मग दगा का दिला? पुढच्या जत्रेला मी सवयीप्रमाणे एक कोवळा फणस घेऊन मुद्दाम एकटाच वर गेलो, फक्त पाहायला. सरपंचानं पुन्हा विषय काढला. पाकळ्या पुन्हा पडल्या नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसून मी त्याला स्पष्ट विचारलं.

“पक्कं देऊळ झालं,” तो म्हणाला, “की पक्का पुजारी येतो. कुठून तरी पंचा नेसून येतो, मंत्र म्हनतो. मंग कोंडाजीला कोन इचारतं? माझं घर पन ह्या राईवरच हाय, मास्तर.” थोडं थांबून म्हणाला, “आन धोतर काय, धोतर फाटतं.”

हे उत्तर ऐकून मला बरं वाटलं. नुसत्या श्रद्धेवर माझा कधीच विश्वास बसला नसता.

कोंडाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. सरूबाई आहे, ऐकू कमी येतं, संशय शाबूत आहे. कौल कोंडाजीचा मुलगा लावतो. सरपंच बदलले, शेठ बदलले, पण दर दोन-तीन वर्षांनी कुणाला ना कुणाला आईचं भिजणं पाहवत नाही आणि पक्क्या देवळाचा विषय निघतो. राईत फणसाचं झाड नाही. डोंगरात कुठेच जवळपास नाही.

मी देव मानत नाही, हे माझ्या घरी, कॉलेजात आणि वाडीतही सगळ्यांना माहीत आहे. पण जत्रा जवळ आली की मी परसात जातो, हातांना तेल लावतो आणि कोवळ्यातला कोवळा फणस निवडून देठासकट उतरवतो. पोत्यात गुंडाळून नारायणगावच्या स्टँडवर नेतो आणि वरच्या मुक्कामी एसटीच्या कंडक्टरच्या हाती देतो. कंडक्टरही आता ओळखीचा झाला आहे. “मास्तर, एवढा एक फणस तिकडं कुणाला लागतो?” असं त्यानं एकदा विचारलं. भाजीला, असं मी सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही.

यंदाही पाठवला. दोन दिवसांनी कोंडाजीच्या मुलाचा फोन आला. मागे जत्रेतला ढोल ऐकू येत होता.

“फणस पोचला का?” मी विचारलं.

“पोचला, मास्तर. लई गुनाचा निगाला.”

“आणि आई काय म्हणाली?”

“आई?” तो म्हणाला. “आई यंदा बी बोलली न्हाई.”